दारातील हिरवळ का जळते?

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



लावण, बेणे, खतांचे हप्ते, खोडवा आणि तोडणी यांखेरीज दुसऱ्या कशावर या पानांतून मी आजवर लिहिलेले नाही. या खेपेला विषय थोडा निराळा आहे. घरापुढच्या हिरवळीबद्दल, जिला आपण सारे 'लॉन' म्हणतो, तिच्याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. शेतकी खात्याच्या माणसाला हे नसते उद्योग कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा एवढीच विनंती.

आपल्या कार्यक्षेत्रात अलीकडे मळ्यामळ्यांतून नवी घरे झाली. घर झाले की कंपाउंड आले, आणि कंपाउंड आले की आत लॉन आलेच. पहिल्या वर्षी ते दृष्ट लागण्यासारखे असते. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला ठिगळे पडतात. तिसऱ्या वर्षी मालक रोपवाटिकावाल्याला बोल लावतो आणि नवे गवत आणून जुन्यावर अंथरतो. तेही मरते. असे तीन-तीन वेळा केलेली घरे मला माहीत आहेत.

दोन वर्षांपूर्वी हंगाम ऐन भरात असताना एक जुने सभासद गट ऑफिसात आले. मला वाटले, तोडणीची तक्रार असेल. आबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "साहेब, उसाचं ऱ्हाऊ द्या घटकाभर. दारातलं गवत मराय लागलंय. पोरगं म्हणतंय, उपटून दुसरं टाकू. तुम्ही एकदा येऊन बघून जावा."

संध्याकाळी गेलो. अंगण गुंठाभराचे. मधोमध गवत विरळ आणि तांबूस, मोरीच्या अंगाला पार उघडी जमीन, आणि भिंतीकडेला काय ते थोडे हिरवे. ओट्यावर आबांच्या मातोश्री बसल्या होत्या, वय नव्वदीच्या घरात. त्या म्हणाल्या, "साहेब, हरळी खणून खणून माझी कंबर गेली. आन् आता ही पोरं पैसं मोजून हरळी लावत्यात, आन् ती बी जगंना!"

सगळे हसले. पण म्हातारीने नेमके दुखण्यावर बोट ठेवले होते. लॉनसाठी आपल्याकडे जे गवत जास्त करून लावतात ते हरळीच्याच जातीतले. शेतात तिला नांगराने उलथा, उन्हात वाळवा, एक कांडी राहिली तरी पावसाळ्यात ती पुन्हा उभी राहते. असले चिवट गवत जर मरत असेल तर दोष गवताकडे नाही. खाली काय आहे ते पाहिले पाहिजे. पाच रुपयांचेही खत टाकण्याआधी कुदळ घ्यावी.

त्याच्याही आधी गवत खरोखर मेले आहे का ते बघावे. उन्हाळ्यात पाणी तुटले की हरळी वरून वाळते. जमिनीतली कांडी मात्र जिवंत असते. एक कांडी उकरून नखाने सोलावी. आत पांढरी आणि टणक निघाली तर गवत निजलेले आहे, पावसात उठेल. तपकिरी, पोकळ, चुरा होणारी निघाली तर त्या जागेपुरते ते संपले. आबांच्या अंगणात मधल्या भागातली कांडी जिवंत होती, मोरीकडची मेलेली. म्हणजे एकाच गुंठ्यात दोन दुखणी होती.

मधल्या भागात कुदळ मारली तर चार बोटांवर 'खण्ण' आवाज. विटांचे तुकडे, वाळलेल्या सिमेंटचे गोळे, मुरूम, खडी. घर बांधताना ट्रक आणि मिक्सर याच जागेवर उभे राहिलेले. शेवटी सगळा राडारोडा तिथेच पसरला, पायातून निघालेली काळी-पिवळी माती त्यावर ओढली, आणि सपाट दिसावे म्हणून रोलर फिरवला. वर रोपवाटिकेतून आणलेल्या गवताच्या चटया. या चटयांखाली लाल मातीचा इंचभर थर असतो. मुळे त्या इंचभरातच घोटाळतात, खालच्या घट्ट थरात शिरत नाहीत. रोज पाणी मारले तर लाल माती भिजते आणि दुपारपर्यंत वाळते. मूळ खाली जात नाही म्हणून गवत रोज पाणी मागते, आणि रोज वरवर पाणी मिळते म्हणून मूळ खाली जात नाही. त्यात सिमेंट-चुन्याने मातीचा सामू वाढतो, लोह मुळांना मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसातला केवडा आपण ओळखतोच. गवतावरचाही तोच. ऊस काय आणि हरळी काय, दोन्ही गवताच्याच कुळातली.

मधल्या भागाचे दुखणे असे बांधकामाचे होते. त्याचे मला फारसे वाटले नाही, ते कष्टाने निघते. मोरीकडची जमीन पाहून मात्र मी खाली बसलो.

तिथे मातीवर पांढरट फूल आले होते. आणखी जवळ, जिथे धुण्याभांड्याचे पाणी जिरत होते, तिथे माती काळपट आणि गुळगुळीत, सुकलेल्या जागी दगडासारखी. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या मशीनची नळीही तिथेच सोडलेली. मशीन पाणी गोड करते म्हणजे त्यातले क्षार काढून बाजूच्या नळीने बाहेर टाकते. ते बाहेरचे पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण लॉनला सोडतो. हेतू चांगला, पण घरातले जास्तीत जास्त खारे पाणी तेच असते. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे सोडियम. या दोहोंनी मिळून तो कोपरा संपवला होता.

खारवट आणि चोपण हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण दुखणी दोन आहेत आणि औषधेही दोन. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. पांढरे फूल येते, माती भुसभुशीत राहते, पाणी आत मुरते. पण क्षारांमुळे मुळांना ते शोषता येत नाही. ओल असून पीक तहानलेले राहते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. कण सुटे होऊन भेगा-छिद्रे बुजवतात. पाणी वरच तुंबते, ओली असताना चिखल आणि वाळली की ढेप. सामू ८.५ च्या वर जातो. खारवट जमीन चांगल्या पाण्याने धुऊन आणि निचरा करून सुधारते. चोपण जमीन नुसती धुतली तर सुधारत नाही. आणि दोन्ही दोष एकत्र असतील तर नुसत्या धुण्याने क्षार जातात, सोडियम राहतो, आणि जमीन होती त्याहून घट्ट होते.

घरच्या घरी ओळखायची एक सोपी रीत आहे. हरभऱ्याएवढा मातीचा वाळलेला खडा घ्यावा. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा त्या मशीनचे गोड पाणी घेऊन त्यात तो अलगद सोडावा आणि हलवू नये. दोन-चार तासांनी पाहावे. खडा नुसता विरून तळाशी ढीग झाला आणि पाणी नितळ राहिले तर चोपणाचा दोष नाही. खड्याभोवती दुधासारखा गढूळ ढग धरला तर चोपण समजावे. बोअरच्या पाण्यात हा प्रयोग करू नये, त्यातल्या क्षारांनी ढग दबून जातो. आबांच्या मोरीकडच्या खड्याने अर्ध्या तासात पेला गढूळ केला. मधल्या भागातल्या खड्यानेही थोडा धूर सोडला. हे मला अपेक्षित नव्हते, कारण तिथे साबणाचे पाणी जात नाही.

मी विचारले, "आबा, लॉनला पाणी कशाचं?"

"बोअरचं. कालव्याचं आलं तर तेच देतो, पण माघानंतर बोअरच."

"आणि हे बोअर आणखी कुठं जातं?"

"खालच्या पट्टीला. अडीच एकर आडसाली हाय की."

बांधव हो, आता विषय लॉनवरून तुमच्या-माझ्या पोटावर येतो. संपृक्त मातीच्या अर्काची क्षारता १.७ डेसी सायमनच्या पुढे गेली की उसाचे उत्पादन घटू लागते, असे मानतात. हरळीच्या बाबतीत हाच आकडा ६.९ आहे. म्हणजे ज्या खारटपणाला हरळी दाद देत नाही, त्याच्या चौथाईतच ऊस कण्हू लागतो. (माती परीक्षणाच्या आपल्या नेहमीच्या अहवालातली क्षारता वेगळ्या पद्धतीने काढलेली असते. तो आकडा याच्याशी थेट ताडून पाहू नये, गट ऑफिसात दाखवावा.) क्षारांमुळे दारातली हरळी मरत असेल तर तेच पाणी पिणारा ऊस कधीपासूनच आजारी असणार. फक्त ऊस उंच असतो, आतले ठिगळ बांधावरून दिसत नाही. लॉनवरचे ठिगळ चहा पिताना दिसते.

अंधार पडायच्या आत आम्ही खालच्या पट्टीत गेलो. सखल कोपऱ्यात आठ-दहा सऱ्यांत ऊस कमरेएवढा, पानांची टोके करपलेली. आबा म्हणाले, "ही बेण्याची खोट. दोन वर्षं बेणं बदलून बघतोय." पाण्याची तपासणी केली तेव्हा क्षारता २.२५ च्या पुढे निघाली. ०.७५ च्या आतले पाणी निर्धोक, २.२५ च्या पुढचे धोक्याचे, असा ठोकताळा आहे. शिल्लक सोडियम कार्बोनेटही २.५ च्या वर होता. असले पाणी चांगल्या काळ्या रानालाही हळूहळू चोपण करते. अंगणातला मधला खडा का धुरकटला, त्याचे उत्तर मिळाले.

आता उपाय. क्रम चुकवू नये, कारण पैसे क्रम चुकल्यानेच वाया जातात.

पहिला निचरा. अंगणाच्या उताराच्या कडेने फूटभर रुंद आणि दोन-अडीच फूट खोल चर खणावा, शंभर फुटांना फूटभर ढाळ द्यावा. खाली विटांचे तुकडे आणि खडी भरावी; लॉनमधून निघालेला राडारोडा इथेच कामी येतो, बाहेर टाकायला नको. वर वाळू आणि माती. चराचे तोंड आपल्याच ओघळीत काढावे, शेजाऱ्याच्या बांधात नव्हे. कोर्टाचा खर्च लॉनपेक्षा जास्त येतो. मोरीचे आणि मशीनचे पाणी त्याच दिवशी लॉनवरून तोडावे.

मग माती मोकळी करायची. घट्ट भागातल्या चटया काढून बाजूला सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्यात आणि नऊ-दहा इंच खोल खणून सिमेंटचे गोळे वेचून काढावेत. वाफसा असतानाच खणावे; ओली काळी माती खणली तर ढेकळांच्या विटाच होतात. इथे बरेच जण एक ट्रॉली वाळू टाकतात. तसे करू नये. काळ्या चिकण मातीत थोडी वाळू घातली की माती सुटत नाही, उलट आवळते. तेवढ्या पैशात शेणखत येते.

चोपणाचा दोष असेल तर जिप्सम. यातला चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावतो आणि तो सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. खाली जायला वाट नसेल तर जिप्सम टाकून उपयोग शून्य, म्हणून निचरा आधी सांगितला. किती टाकायचे ते माती परीक्षणावरून ठरते. हिशेबासाठी एकरी एक टन म्हणजे गुंठ्याला २५ किलो, हे ध्यानात ठेवावे. वरच्या पाच-सहा इंचांत नीट मिसळावे, नुसते फेकू नये. जमीन चुनखडीची असेल (लिंबाचा रस टाकल्यावर फेस येतो) तर जिप्समऐवजी गंधक चालते. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात आणि ते आम्ल तिथल्याच चुनखडीतून जिप्सम तयार करते. वजनाने ते जिप्समच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी लागते, पण ओल आणि काही आठवडे द्यावे लागतात.

हे सारे मृगाच्या आधी आठ-दहा दिवस उरकावे. पावसाइतके गोड पाणी कोणत्याही विहिरीत नसते आणि ते फुकट असते. चहूबाजूंनी वीतभर वरंबा घालून पावसाचे पाणी आत कोंडावे, मुरू द्यावे. पूर्व भागात, जिथे पाऊस बेभरवशाचा, तिथे कालव्याचे पाणी मिळेल तेव्हा दोन-तीनदा तुंबवावे. दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर कुजलेले खत दोन इंच थराने पसरून मिसळावे. गुंठ्याला दोन इंच म्हणजे जवळजवळ पावणेदोन ब्रास. शेणखत चांगले. प्रेसमडही चांगले, पण ढिगात दोन-तीन महिने कुजलेले. ताजे तापते आणि त्यातल्या मेणाने माती पाणी झटकते. बॉयलरची राख मात्र लॉनला नको. ती अल्कधर्मी असते, चोपणात आणखी भर घालते. यानंतर आषाढात हरळीच्या कांड्या तीन-चार इंचांवर टोचाव्यात, किंवा बाजूला ठेवलेल्या चटया फाडून लावाव्यात. दसऱ्यापर्यंत जमीन झाकते.

खताबद्दल माझीच एक फजिती सांगतो. नोकरीला लागलो त्या साली क्वार्टरपुढचे अर्ध्या गुंठ्याचे लॉन पिवळे दिसले. डिप्लोमा ताजा, अंगात जोर. भर एप्रिलमध्ये दुपारी पाच किलो युरिया हाताने फेकला आणि पाणी संध्याकाळी देऊ म्हणून ऑफिसला गेलो. संध्याकाळी मीटिंग लांबली. दुसऱ्या दिवशी जिथे मूठ जड पडली तिथे गवत भाजल्यासारखे. कॉलनीतले लोक पुढे वर्षभर मला 'युरिया साहेब' म्हणत. गुंठ्याला एका वेळी एक किलो युरिया पुरे, तोही ओलीवर आणि लगेच पाणी. चोपणाकडे कल असलेल्या जमिनीत त्याऐवजी दोन किलो अमोनियम सल्फेट द्यावे. नत्र जवळपास तेवढेच मिळते आणि गंधकाचा फायदा होतो. पाने केवड्यासारखी पिवळी असतील तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावे. फरशीवर उडू देऊ नये, तांबडे डाग जात नाहीत आणि घरात बोलणी बसतात.

सावलीतले ठिगळ हा निराळा प्रकार. आंब्याच्या दाट सावलीत हरळी कितीही माती सुधारली तरी येणार नाही. तिथे बाकडे ठेवावे.

आणि ठिगळातले गवत ओढल्यावर गोधडीसारखे अलगद उचलले गेले तर खाली हुमणी आहे. आषाढ ते आश्विन या काळात तिच्या अळ्या मुळे खातात, लॉनची आणि उसाचीही. वळवाच्या आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे गोळा होतात, तेव्हाच फांद्या हलवून ते वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एकट्याने करून भागत नाही, वस्तीने मिळून करावे. अळ्या दिसल्यास गट ऑफिसात मेटारायझियम बुरशीबद्दल विचारावे.

पाणी रोज शिंपडू नये. चार-पाच दिवसांनी एकदा, पण वीतभर खोल ओल जाईल असे द्यावे. गुंठ्याला इंचभर पाणी म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर होते. हा आकडा ऐकून कोणी लॉन अर्ध्या गुंठ्यावर आणले तर मला आनंदच आहे. टंचाईच्या साली गवत खुशाल वाळू द्यावे, जिवंत कांडी पावसात उठते. माणसांच्या आणि जनावरांच्या पाण्यातून ते जगवू नये. कापताना उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये, उन्हाळ्यात दीड-दोन इंच राखावे. कापलेले बारीक गवत तिथेच पडू द्यावे. पाचट जाळू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, त्यातलाच हा प्रकार.

आबांच्या अंगणाचे काय झाले? मधला भाग पहिल्याच पावसाळ्यात भरून आला. मोरीचा कोपरा दोन पावसाळे जिप्सम देऊनही अर्धाच सुधारला. उरलेल्या जागी त्यांनी फरशी घातली आणि म्हातारीची खुर्ची तिथे असते. खालच्या पट्टीत ऊस काढून त्यांनी सखल कडेने चर काढला, धैंचा गाडला, आणि आता बोअरचे पाणी कालव्याच्या पाण्यात मिसळूनच देतात. त्या आठ-दहा सऱ्या एकदम सुधारल्या असे मी म्हणणार नाही. पण यंदा तिथला ऊस खांद्याला लागला आहे, आणि ठिगळ पुढे सरकायचे थांबले आहे. बेणे तेच आहे.

हंगाम आता आटोपत आला, हातात चैत्र-वैशाख आहेत. ज्यांच्या दारात अशी ठिगळे आहेत त्यांनी लॉनचा आणि त्याच बोअरवर भिजणाऱ्या रानाचा, असे दोन मातीचे नमुने वेगवेगळे आणावेत. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडावी, सगळी एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. खताच्या गोणीत भरू नये. आत नाव, गट नंबर आणि मागचे पीक लिहिलेली चिठ्ठी असावी. पाण्यासाठी मोटर पंधरा-वीस मिनिटे चालू देऊन मग लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत घ्यावे. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी, आणि ती तेलाची किंवा फिनेलची नसावी. मागच्या महिन्यात अशी एक आली होती, ती परत पाठवावी लागली.